क्लचवरची दोन बोटं

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या पेजवरच्या निम्म्या गोष्टी मी चहा पिता पिता वाचतो आणि हसून सोडून देतो.

पण ही गोष्ट माझ्या मामांची आहे. सख्ख्या मामांची.

आणि आमचे मामा म्हणजे गोष्टी रचणाऱ्यांतले नव्हेत. उभं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. टर्नर. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. किती वाजले विचारलं तर साडेसहा म्हणणार नाहीत, सहा एकोणतीस म्हणतील. मामी म्हणते, "यांच्याशी थट्टा करायची तर आधी पट्टी लावून मापून घ्यावी लागते."

असा माणूस स्वतःच्या तोंडाने हे सांगतो, तेव्हा हसू येत नाही.

फेब्रुवारीतला पहिला रविवार. सकाळचे सहा चाळीस. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवरून खाली उतरणारा रस्ता, खाणीच्या वळणाच्या अलीकडे शंभर पावलं. धुकं असं की गाडीचं पुढचं चाक दिसावं, आणि त्यापुढे काहीच नाही.

तिथे काय झालं ते मामांनी आजवर दोनदाच सांगितलंय. एकदा ज्यांना सांगणं भाग होतं त्यांना. आणि एकदा मला.

पण आधी मास्तरांबद्दल सांगायला हवं...

मामांना व्यसन एकच. जुन्या जपानी मोटरसायकली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणाऱ्या. या वेडाचे ते चौघे होते. मामा, एक चष्मेवाला, एक बेकरीवाला, आणि वयाने सगळ्यांत मोठे मास्तर. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी चौघे निघायचे. पेट्रोल पंप, मग टेकडी, वरच्या टपरीवर चहा, आणि परत. मामीने त्यांचं नाव ठेवलं होतं धूरमंडळ.

वेड म्हणजे किती? एकाला भंगारात टेललाइटची मूळ काच मिळाली, तर बाकीचे तिघे त्याच्या घरी ती बघायला जायचे. नवी सून बघायला जावं तसे. उजेडात धरायची, फुंकर मारायची, एकमेकांच्या हातात द्यायची. चष्मेवाल्याची बायको एकदा म्हणाली होती, "माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नाही यांनी."

मास्तरांची गाडी त्यांतली सगळ्यांत देखणी. दोन सिलिंडरची, लाल टाकीची. टाकीवरची पांढरी रेघ मास्तरांनी स्वतः ब्रशने ओढलेली, श्वास रोखून, एका दमात. स्टिकर नाही, टेप नाही. मामा त्या रेघेला हात लावायचे नाहीत.

आता थोडं गाडीचं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

या गाड्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, निळा धूर त्या ऑइलचाच. नुसतं पेट्रोल घातलं, तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. चालत्या गाडीत इंजिन जाम. आणि मागचं चाक जागच्या जागी गच्च. वेगात असाल, उतारावर असाल, तर संपलं.

त्या क्षणी उपाय एकच. क्लच दाबायचा. चाक लगेच मोकळं होतं.

म्हणून जुनी माणसं क्लचच्या लिव्हरवर कायम दोन बोटं ठेवून गाडी चालवतात. मास्तर तर मामांना सारखे बजावायचे, "टर्नर, उजवा हात मजेसाठी, डावा हात जिवासाठी. दोन बोटं कधी झोपू द्यायची नाहीत." त्यांच्या लिव्हरवर तेवढ्या दोन जागा घासून आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या.

मास्तरांच्या आणखी दोन सवयी लक्षात ठेवा. उतारावर प्रत्येक वळणाला ते अॅक्सिलेटर दोनदा पिळायचे. टर्र... टर्र. उतारावर अॅक्सिलेटर सोडलेला असला की इंजिनला ऑइल पोचत नाही, म्हणून. आणि गाडी लावली की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक कट् करून बंद करायचे. कधी विसरायचे नाहीत.

चौघांच्याही टाकीत ऑइल घालायचं काम मामांचं. औषधाच्या बाटलीचं एक जुनं माप होतं, त्यावर मामांनी स्वतः खुणा केलेल्या. धूरमंडळाचा नियमच तो. कारण मामांचा हात चुकत नाही.

चुकत नाही...?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. स्वच्छ सकाळ. मास्तरांची गाडी पंपाच्या जरा अलीकडे बंद पडली, टाकी ठणठणीत कोरडी. मास्तर गाडी ढकलत पंपावर आले.

"काय मास्तर," चष्मेवाला ओरडला, "आज गाडीला फिरायला आणलंत वाटतं?"

"म्हातारीला पायी चालायची हौस आली," मास्तर धापा टाकत म्हणाले.

सगळे हसले. मामाही. पेट्रोल भरलं. मामांनी स्वतःच्या टाकीत ऑइल घातलं, मग बेकरीवाल्याच्या, मग चष्मेवाल्याच्या. शेवटी मास्तरांकडे वळले, आणि मागून एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पुढे घ्या, पुढे घ्या. धांदल उडाली. मास्तरांनी टाकीचं झाकण लावलं, किक मारली.

माप हातात होतं हे मामांना आठवतं. मापात ऑइल होतं हेही आठवतं.

ते टाकीत गेलं, की धांदलीत परत बाटलीत... हे आठवत नाही.

आणि त्याहून वाईट पुढेच आहे. टेकडी चढताना मामा मास्तरांच्या मागेच होते. मास्तरांच्या दोन्ही सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडा धूर आला आणि मग... थांबला.

मामांनी ते पाहिलं. आणि त्यांना काय वाटलं माहितीये? अभिमान. आठवड्यापूर्वी मास्तरांचा कार्ब्युरेटर त्यांनीच सेट केला होता. मनात म्हणाले, वा टर्नर, काय सेटिंग बसलंय, धूरच नाही!

त्या दिवशी टपरी बंद होती. चौघे तसेच उतरायला लागले. मास्तर पुढे, मागे मामा. खाणीच्या वळणाच्या अलीकडे रस्त्यात मोठा खड्डा आहे. पुढच्याने डावा हात काढून मागच्याला खड्डा दाखवायचा, ही यांची पद्धत. मास्तरांनी डावा हात काढला. खाली बोट केलं.

आणि त्याच क्षणी मागचं चाक गच्च झालं.

दोन बोटं क्लचवर नव्हती. ती मामांना खड्डा दाखवत होती.

मामांची गाडी खड्डा चुकवून सुखरूप निघाली. मास्तर वळणावरच्या खडीत पडले, ते उठलेच नाहीत.

लोक म्हणाले, जुनी गाडी, उतार, नशीब. कोणाला कसलाच संशय आला नाही. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, मामांना एकदाच विचारलं, "भाऊजी, तुम्ही मागेच होतात ना? काय झालं हो नेमकं?"

"इंजिन जाम झालं, वहिनी. जुनं होतं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

मामा त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी वहिनींकडे जायचे. नळ गळतोय, बघून देतो. दाराची कडी बसत नाही, बघून देतो. वहिनी एकट्या होत्या, त्यांना आधार वाटायचा. मामीला बरं वाटायचं. मामा मात्र रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

डिसेंबरात वहिनींनी मास्तरांची गाडी मामांना दिली. "ते म्हणायचे, मला काही झालं तर ही टर्नरकडे जाऊ दे. तुम्ही नीट करा भाऊजी. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय."

मामा नाही म्हणू शकले नाहीत.

घराला लागून मामांची पत्र्याची शेड आहे. तिथे गाडी आली. टाकीत त्या दिवशीचं पेट्रोल तसंच होतं. मामांनी ते एका पत्र्याच्या डब्यात काढलं, झाकण गच्च लावलं, आणि डबा सगळ्यांत वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवला.

तपासणं अगदी सोपं होतं बरं का. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकायचा. नुसतं पेट्रोल असेल तर उडून जातं, कागद कोरा. ऑइल असेल तर तेलकट डाग राहतो. दोन मिनिटांचं काम.

मामांनी केलं नाही. भीती वाटली त्यांना. साधी, सरळ भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मामांची मूठ त्या डब्यात होती.

पहिली खूण तिसऱ्या दिवशी दिसली.

टाकी धुऊन मामांनी बाकावर वाळत ठेवली होती. कॉक उघडा, पाणी निथळावं म्हणून. दुपारी जेवून आले.

कॉक बंद होता.

त्यांनी मामीला विचारलं. मामी म्हणाली, "तुमच्या भंगाराला हात लावून हात कोण काळे करील?"

मामांनी कॉक उघडला. संध्याकाळी पाहिलं...

बंद.

मग डबा. एका सकाळी मामांनी शेडचं शटर वर केलं, आणि डबा फळीवर नव्हता. खाली कामाच्या टेबलावर होता. त्याच्याखाली वर्तमानपत्राचं एक पान, नीट पसरलेलं. कोपरे सरळ. चित्राचा कागद बोर्डावर लावावा तसं.

मामांनी खिसा चाचपला. शटरची किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात.

डबा परत फळीवर गेला. दोन दिवसांनी परत टेबलावर आला. मामांनी तो तारेने फळीला बांधला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तार गुंडाळून बाजूला ठेवलेली होती... आणि डबा कागदावर.

मामांनी हे कोणाला सांगितलं नाही. कोणाला आणि काय सांगणार? डब्यात काय आहे, हा पुढचा प्रश्न आलाच असता.

मग जानेवारीतली ती दुपार. दोन वाजले होते. मामा शेडमध्ये एकटेच, पिस्टनच्या रिंगा मापत बसले होते. गाडीचं इंजिन उघडं. दोन्ही सिलिंडर टेबलावर. टाकी भिंतीला टेकवलेली. म्हणजे गाडी म्हणायला नुसता सांगाडा होता.

आधी वास आला. जळलेल्या ऑइलचा, टू-स्ट्रोकचा, गोडसर. मामांना वाटलं, रस्त्यावरून कोणी गेलं असेल.

मग पाठीमागून...

टर्र... टर्र.

मामांच्या हातातली रिंग खाली पडली. ते वळले. सांगाडा होता तिथेच उभा. सायलेन्सर कोपऱ्यात ठेवलेले.

शटरच्या बाहेर भांडं आपटल्याचा आवाज झाला. मामी जेवणाचं ताट घेऊन आली होती, ते हातातून सुटलं.

"अहो," ती म्हणाली, "गाडी चालू झाली? एवढ्यात जोडलीतसुद्धा?"

आणि मग तिला टेबलावरचे सिलिंडर दिसले. तिला इंजिनातलं काही कळत नाही. पण तेवढं कळलं. ती तिथून जी निघाली, ती पुन्हा कधी शेडमध्ये आली नाही. अजूनही येत नाही.

मामांनी नवे पिस्टन घातले, वेड्यासारखं काम करून गाडी जोडली. त्यांना वाटत होतं, गाडी चालू झाली, वहिनींनी आवाज ऐकला, की सगळं शांत होईल. माणूस स्वतःची समजूत कशीही घालतो.

फेब्रुवारीतला पहिला रविवार उजाडला. वहिनी शाल घेऊन पंपावर आल्या होत्या. चष्मेवाला आणि बेकरीवाला त्यांच्या गाड्यांवर. मामा मास्तरांच्या गाडीवर. मामांची स्वतःची गाडी शेडमध्ये होती, मागचं चाक काढलेलं. हे ध्यानात ठेवा.

मामांनी माप भरलं. सगळ्यांना दाखवलं. टाकीत ओतलं. माप पालथं करून झटकलं, आणि तेही सगळ्यांना दाखवलं.

"इतकं काय दाखवताय भाऊजी?" वहिनी हसून म्हणाल्या. "जादूचे प्रयोग आहेत का?"

मामांना हसता आलं नाही.

किक बसली. गाडी पहिल्या दमात चालू झाली. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "जा. जपून जा."

टेकडी चढून झाली. वर चहा झाला. धुकं मात्र दाट होत चाललं होतं. निघताना बेकरीवाल्याच्या गाडीने दगा दिला, प्लगवर काजळी धरली.

"तुम्ही व्हा पुढे," चष्मेवाला म्हणाला. "धुक्यात तिघांनी एकत्र नको. हे उरकून आम्ही आलोच."

मामा निघाले. पंचवीसच्या वेगाने, दोन बोटं क्लचवर.

पहिलं वळण गेलं.

मागून गाडीचा आवाज यायला लागला. मामांना वाटलं, आले वाटतं दोघे.

पण तो आवाज दोन गाड्यांचा नव्हता. एकाच गाडीचा होता. आणि... एका सिलिंडरचा होता. मधूनच ठेचकाळणारा, तिसऱ्या गिअरला जरासा खरखरणारा.

आपल्या गाडीचा आवाज माणूस झोपेतही ओळखतो. ती मामांची गाडी होती. जिचं मागचं चाक शेडमध्ये भिंतीला टेकवलेलं होतं, ती.

मामांनी आरशात पाहिलं. धुकं. आणि धुक्यात एक पिवळा दिवा. अंतर बरोबर तेवढंच, जेवढं त्या दिवशी मामा आणि मास्तरांमध्ये होतं.

दुसरं वळण आलं. मागून...

टर्र... टर्र.

मामांची पाचावर धारण बसली. थांबावं तर तो दिवा जवळ येणार. पळावं तर पुढे धुकं. त्यांनी वेग तसाच ठेवला. तोंडाने मास्तर, मास्तर एवढंच निघत होतं. "मास्तर, माझं चुकलं असेल तर... मास्तर..."

आणि समोर तो खड्डा आला.

सवय फार वाईट असते. वीस वर्षांची सवय. मागे गाडी आहे म्हटल्यावर मामांचा डावा हात आपोआप निघाला. खाली बोट केलं.

मागचा आवाज तुटल्यासारखा थांबला.

आणि मागचं चाक गच्च झालं.

टायर किंचाळलं. गाडी आडवी व्हायला लागली. समोर खाणीचं वळण, ती खडी. मामांचा हात हवेत. परत आणायला वेळच नव्हता. त्यांना कळलं, संपलं.

तेवढ्यात त्यांना क्लचची लिव्हर दिसली.

लिव्हर आपोआप आत गेली. हळू नाही, धक्क्याने नाही. सरावाच्या हाताने दाबावी तशी. लिव्हरवर धुक्याचे बारीक थेंब जमलेले होते. मामांच्या डोळ्यांदेखत ते थेंब दोन जागी पुसले गेले.

दोन बोटांएवढे.

चाक सुटलं. गाडी सरळ झाली, घरंगळत गेली, आणि खडीच्या अलीकडे दहा पावलांवर थांबली.

सगळं शांत झालं. मामांच्या मांडीजवळून बारीक आवाज आला.

कट्.

त्यांनी खाली पाहिलं. पेट्रोलचा कॉक बंद झालेला होता.

दहा मिनिटांनी दोघे खाली आले. मामा रस्त्याच्या कडेला बसलेले. चष्मेवाल्याने आधी विचारलं, "पडलात का?" आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुमच्या मागोमाग कोण उतरलं हो? आम्हाला दिसलं नाही कोणी. पण आवाज... मी याला म्हटलंसुद्धा, टर्नर आज दोन गाड्या घेऊन आलाय की काय?"

मामा तडक घरी आले, शेडमध्ये गेले. डबा टेबलावर, कागदावर होताच. या वेळी मामांनी तो उचलला, वर्तमानपत्र काखेत मारलं, आणि थेट वहिनींचं घर गाठलं.

वहिनींनी चहा ठेवला. मामांनी सगळं सांगितलं. पंपावरची धांदल, हातातलं माप, न दिसलेला धूर, त्याचा वाटलेला अभिमान. काही लपवलं नाही. मग वर्तमानपत्र पसरून दोन थेंब टाकले. एक आज भरलेल्या पेट्रोलचा, टाकीतून शिशीत काढून आणलेला. एक त्या डब्यातला.

दोघे कागदाकडे बघत बसले.

वाळल्यावर वहिनींनी कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आजच्या थेंबाच्या जागी तेलकट डाग होता, त्यातून पलीकडचा उजेड येत होता. दुसऱ्या जागी काहीच नव्हतं. नुसती बातमीची अक्षरं, कोरडी.

ऑइल घातलं नव्हतं.

वहिनींनी कागद खाली केला.

"तीन महिने माझ्या घरी येत होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "नळ, कड्या, दिवे. मला वाटायचं, केवढा जीव आहे या माणसाला आमच्यावर."

"जीव होताच, वहिनी."

"असेल. पण त्याच्याखाली हे होतं."

मामांना मान वर करता येईना. ते रडत होते. बावन्न वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा.

"तो हात त्यांनी कशासाठी काढला होता?" वहिनींनी विचारलं.

"खड्डा दाखवायला."

"कोणाला?"

"मला."

"आणि आज लिव्हर कोणी दाबली?"

वहिनींनी कागदाची घडी घातली, दोनदा, आणि कपाटात मास्तरांच्या ब्रशांशेजारी ठेवून दिली.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला ते जमेल का, मलाच माहीत नाही. पण ते माप कुठंय? ते इथे ठेवा. यापुढे ऑइल मी घालणार."

तेव्हापासून तसंच चालू आहे. दर रविवारी सकाळी सहाला वहिनी शाल घेऊन पंपावर उभ्या असतात. तिघांच्या टाकीत ऑइल त्या घालतात. मामांच्या टाकीत सगळ्यांत शेवटी. माप पालथं करून झटकतात आणि मामांकडे बघतात. मामा मान हलवतात. मग गाड्या निघतात.

त्या रविवारनंतर मामांनी मास्तरांच्या गाडीचं इंजिन पुन्हा उघडलं होतं. जाम झालेल्या इंजिनात पिस्टनवर ओरखडे असतातच. मामांनी भिंग लावून पाहिलं. एक ओरखडा नव्हता. पिस्टन नव्याचे नवे. कॉक बंद झाला तरी चाक असं गच्च होत नाही, इंजिन भुकेने हळूहळू बंद पडतं. मग चाक कशाने अडकलं, हे केसाचा फरक ओळखणाऱ्या माणसाला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

मला हे कळल्यापासून एकच प्रश्न छळतोय. लिव्हर ज्याने दाबली, चाकही त्यानेच अडकवलं असणार ना? मग मास्तरांनी मामांना वाचवलं, की पाडता पाडता सोडून दिलं?

मी मामांना विचारलं. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळची वेळ, आम्ही दोघे शेडमध्ये. मास्तरांची गाडी मधोमध उभी.

मामा गाडी पुसत होते. फडकं न थांबवता म्हणाले, "ते मी दर रविवारी त्या वळणावर विचारतो. अजून सांगितलं नाही त्यांनी."

"आणि तरी जाता?"

"न जाऊन कसं चालेल? वहिनी थांबलेल्या असतात."

उगीच चाळा म्हणून मी हँडलवर हात ठेवला. कडाक्याची थंडी होती. हँडल गार, टाकी गार, आरशाची दांडी तर बोटाला चिकटेल इतकी गार. गाडी आठवडाभर चालू झालेली नव्हती. मी क्लचच्या लिव्हरवर बोटं टेकवली...

टोकाला गार. मुळाशी गार.

मध्ये दोन जागा कोमट होत्या.

"तिथे नको ठेवूस हात," मामा वर न बघताच म्हणाले.

मी हात काढून घेतला.